भट्टी बिल

माझे बाबा इंदूरच्या एका शासकीय कार्यालयात लेखा शाखेत होते आणि कर्मचाऱ्यांची वैद्यकीय देयके तपासणे हे त्यांचे अनेक वर्षांचे काम होते. औषधांच्या पावत्या, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, तारखा आणि बेरीज हे सगळे ताडून पाहायचे, लाल पेन्सिलीने बारीक खूण करायची आणि कागद पुढच्या टेबलाकडे सरकवायचा. त्यांतली बरीच देयके खोटी असत. हे बाबांना ठाऊक होते, देयक सादर करणाऱ्याला ठाऊक होते आणि मंजुरीची सही करणाऱ्या साहेबांनाही ठाऊक होते. तरीही त्या कार्यालयात याविषयी कोणी अवाक्षर काढत नसे. काढायचे म्हटले तर शब्द कोणता वापरायचा हाच प्रश्न होता. 'खोटे' म्हटले की समोरच्या सहकाऱ्याला चोर म्हटल्यासारखे झाले असते, आणि तो सहकारी म्हणजे दुपारी शेजारी बसून डबा खाणारा, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी येणारा माणूस होता.

१९८९ साली दूरदर्शनवर जसपाल भट्टी यांचा 'फ्लॉप शो' सुरू झाला. मी तेव्हा शाळेत होतो. रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात कृष्णधवल टीव्ही होता आणि ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता असे वाड्यातले दोन-तीन बिऱ्हाडकरू तो पाहायला येत. त्या मालिकेचे अवघे दहा भाग झाले, पण प्रत्येक भागाने एकेक क्षेत्र उघडे केले. पीएच. डी.च्या विद्यार्थ्याला घरकामाला जुंपणारा प्राध्यापक, ठेकेदार, मालमत्तेचे दलाल, न संपणाऱ्या बैठका हे सारे त्यात येऊन गेले. एक भाग सरकारी कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय देयकांवर होता. त्या दिवशी बाबा इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आई त्यांच्याकडे आश्चर्याने पाहत होती, कारण बाबा हा मोठ्याने हसणारा माणूस नव्हता. जेवायला बसल्यावर मात्र ते गप्प होते, आणि ताकाची वाटी हातात घेऊन एवढेच म्हणाले, "आज आमच्याच टेबलावरचं दाखवलं."

पुढच्या काही दिवसांत कार्यालयात जे घडले ते बाबा नंतर कित्येक वर्षे सांगत असत. एका ज्येष्ठ लिपिकाने देयकांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यातला एक कागद वेगळा काढून तो म्हणाला, "देख लेना, ये भट्टी बिल लग रहा है।" आजूबाजूच्या चार टेबलांवर हशा पिकला. ज्याचे ते देयक होते तोही तिथेच उभा होता, आणि तोही हसला. दुसऱ्या दिवशी त्याने तो अर्ज दुरुस्ती करायची आहे असे सांगून परत नेला. त्या दिवसापासून त्या गोष्टीला नाव मिळाले. खोटी देयके त्यामुळे बंद झाली नाहीत, आणि तशी आशा बाबांनीही कधी धरली नाही. परंतु जे आजवर डोळ्यांनीच एकमेकांना सांगितले जात होते ते आता तोंडाने बोलता येऊ लागले, आणि तेही असे की ऐकणाऱ्याला माघार घ्यायला जागा राहावी.

बातम्या आणि राजकारण यांवर हसवणारे देशोदेशीचे कार्यक्रम मी आज पस्तीस वर्षे पाहतो आहे, आणि प्रत्येक वेळी माझे मन त्या कार्यालयातल्या गठ्ठ्याकडे परत जाते. असा कार्यक्रम चांगला की वाईट हे मी त्यातल्या विनोदांच्या संख्येवर ठरवत नाही. सर्वांना ठाऊक असलेल्या, पण बोलता न येणाऱ्या गोष्टीला त्याने नाव दिले का, आणि ते नाव लोकांच्या तोंडी बसले का, हे मी पाहतो.

भट्टी हे स्वतः विद्युत अभियंता होते. चंदीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी 'नॉनसेन्स क्लब' काढून पथनाट्ये केली, 'ट्रिब्यून'साठी व्यंगचित्रे काढली, आणि मग दूरदर्शनवर 'उल्टा पुल्टा' या काही मिनिटांच्या तुकड्यांतून ते घराघरांत पोचले. 'फ्लॉप शो'त त्यांच्या पत्नी सविता आणि विवेक शौक हे त्यांच्या सोबत होते. प्रत्येक भागाच्या शेवटी एखाद्या चित्रपटगीताच्या चालीवर बेतलेले विडंबन असे. खर्च बेताचा, नेपथ्य साधे, आणि सगळी माणसे आपल्या कचेरीतल्यासारखी दिसणारी. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की हे सारे सरकारी वाहिनीवर चालले होते. ज्या यंत्रणेची ही कथा होती तिनेच ती प्रक्षेपित केली, आणि त्या यंत्रणेत काम करणाऱ्यांनी ती आपापल्या घरी बसून पाहिली. हसणारा आणि ज्याच्यावर हसायचे तो, हे दोघे एकाच छपराखाली होते. भट्टी २५ ऑक्टोबर २०१२ रोजी रस्ता अपघातात गेले, तेव्हा बाबांनी वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो कापून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर काही दिवस ठेवला होता.

इंदूरच्या मराठी माणसाला या प्रकारची ओळख टीव्हीच्या आधीपासूनची आहे, आणि ती मुख्यतः हिंदीतून झालेली आहे. आमच्या घरी 'नई दुनिया' येत असे. उज्जैनला जन्मलेले आणि इंदूरच्या होळकर महाविद्यालयात शिकलेले हिंदी व्यंग्यलेखक शरद जोशी त्यात पन्नासच्या दशकाच्या आरंभी सदर लिहीत. आजोबांना त्यांतले परिच्छेद पाठ होते. त्याच शरद जोशींनी १९८४ साली 'ये जो है ज़िंदगी' या दूरदर्शन मालिकेसाठी लेखन केले, आणि त्यांच्या निधनानंतर अठरा वर्षांनी, २००९ साली, त्यांच्या कथांवर आधारित 'लापतागंज' सुरू झाली. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशा दोन भाषांत आम्ही जगतो. 'भट्टी बिल' हे नाव कचेरीतल्या हिंदीत जन्मले आणि बाबांच्या डब्याबरोबर संध्याकाळी आमच्या मराठीत आले. पुढे आई भाजीवाल्याच्या हिशेबालाही ते नाव लावू लागली.

नाव देण्याची ही क्रिया इतर देशांतही घडते हे मला बरेच उशिरा कळले. अमेरिकेत १७ ऑक्टोबर २००५ रोजी स्टीफन कोल्बेअर यांच्या 'द कोल्बेअर रिपोर्ट' या कार्यक्रमाचा पहिला भाग झाला. पुरावा नसताना केवळ मनाला पटते म्हणून जे सत्य मानले जाते त्यासाठी त्यांनी त्याच भागात 'ट्रुथिनेस' हा शब्द वापरला. मेरियम-वेब्स्टर या कोशाने २००६ सालचा शब्द म्हणून त्याची निवड केली. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या 'द थिक ऑफ इट' या मालिकेत २००९ साली 'ऑम्निशॅम्बल्स' हा सर्वांगीण गोंधळासाठीचा शब्द आला. तीन वर्षांनी विरोधी पक्षनेत्याने तो अर्थसंकल्पावर बोलताना थेट संसदेत उच्चारला, आणि त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या कोशकारांनी त्याला वर्षाचा शब्द ठरवले. पटकथेत लिहिलेला एक शब्द तीन वर्षांत देशाच्या संसदेत जाऊन पोचतो, हे वाचले तेव्हा मला त्या ज्येष्ठ लिपिकाची आठवण झाली. त्याने कोशात भर घातली नाही एवढेच.

बीबीसीच्याच 'येस मिनिस्टर'चे हिंदी रूपांतर २००१ साली स्टार प्लसवर 'जी मंत्रीजी' या नावाने आले. फारूक शेख त्यात मंत्री होते. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते, आणि या मालिकेचा एकही भाग त्यांनी चुकवला नाही. मूळ मालिकेत सचिव एखाद्या निर्णयाला 'धाडसी' म्हणतो आणि मंत्र्याला घाम फुटतो, कारण सचिवाच्या भाषेत धाडसी म्हणजे निवडणूक हरवणारा. बाबांना हे समजावून सांगण्याची गरज पडली नाही. टिप्पणी, शेरा, 'चर्चा करावी' म्हणून परत येणारी फाइल हे सगळे इंग्रज इथेच ठेवून गेले होते, त्यामुळे लंडनच्या मंत्रालयातला विनोद इंदूरच्या निवृत्त लेखा कर्मचाऱ्याला आपल्या घरचा वाटला.

जगाच्या बातम्यांवरचे आजचे कार्यक्रम मला माझ्या भाचीने दाखवले. ती तेव्हा अमेरिकेत शिकत होती. जॉन ऑलिव्हर यांचा 'लास्ट वीक टुनाइट' हा कार्यक्रम एचबीओवर २७ एप्रिल २०१४ रोजी सुरू झाला, आणि पहिल्याच भागात त्यांनी भारतातील लोकसभा निवडणुकीचा विषय घेतला. ८१ कोटींहून अधिक मतदारांची ती निवडणूक चालू असताना अमेरिकी वाहिन्या तिच्याकडे लक्ष देत नाहीत, हा त्यांच्या टीकेचा रोख होता. भाचीने दुवा पाठवला आणि सोबत लिहिले, "मामा, आपल्यावर केलंय." त्या 'आपल्यावर' या शब्दात जो आनंद होता तो मला समजला, आणि पाहताना मलाही तो झाला. त्यांनी आपली दखल घेतली याचा तो आनंद होता. मात्र पुढे अनेक भाग पाहिल्यावर त्या आनंदात काहीतरी टोचत असल्याचेही जाणवू लागले, आणि त्याविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे.

त्या कार्यक्रमाची बांधणी मला मनापासून आवडते. मध्ये जाहिराती नसतात, आणि अर्ध्या तासातला मोठा भाग एकाच विषयाला दिलेला असतो. तो विषयही बहुधा असा असतो की ज्याचे नाव ऐकून माणूस वाहिनी बदलेल, जसे तुरुंगातल्या दूरध्वनीचे दर किंवा विम्याचे नियम. संशोधक कित्येक आठवडे कागदपत्रे वाचतात, आणि प्रत्येक विधान तपासल्यावरच त्यावर विनोद चढवला जातो. हसता हसता वीस मिनिटांत आपण एखाद्या कायद्याची रचना शिकून जातो. हे शिकवण्याचे काम थोर आहे असे मी मानतो. आमच्याकडे रोज रात्री नऊ वाजता आठ चौकटींतून आठ माणसे एकाच वेळी ओरडतात, त्यातून वर्षभरात एवढे कळत नाही.

परंतु विषय भारताचा असला की माझे ऐकणे बदलते. न्यूयॉर्कच्या प्रेक्षागृहातील हशा दोन प्रकारचा असतो, आणि दोन्हींतला फरक मला आता कानाने ओळखू येतो. एक हशा सत्ता आणि वास्तव यांच्यातल्या विसंगतीवर होतो. त्यात मीही सामील होतो. दुसरा हशा एखाद्या नावाच्या उच्चारावर किंवा एखाद्या दृश्याच्या अनोळखीपणावर होतो, आणि तिथे मी एकटा पडतो. शिवाय त्या भागांत दाखवलेल्या चित्रफिती बहुतेक आपल्याच वाहिन्यांच्या असतात आणि आकडे आपल्याच वार्ताहरांनी खपून मिळवलेले असतात. म्हणजे कच्चा माल इथला, आणि तयार झालेला हशा तिथल्या प्रेक्षकांसाठी. २ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या निकालाला दोन दिवस उरलेले असताना, त्या कार्यक्रमाने पुन्हा भारतीय निवडणुकीवर मुख्य भाग केला. त्यातली एकही गोष्ट मला नवी नव्हती. तरीही भाग संपल्यावर जे वाटले ते असे की आमच्या घरातले बोलणे शेजाऱ्याने खिडकीतून ऐकले आणि आम्हाला चांगल्या भाषेत वाचून दाखवले. शेजाऱ्याचा हेतू चांगला होता, त्याचे म्हणणेही खरे होते. फक्त त्याने दिलेले एकही नाव आमच्या घरात राहिले नाही, कारण ते आमच्या भाषेत नव्हते.

अमेरिकी विनोदकार हसन मिन्हाज यांच्या 'पेट्रियट ॲक्ट' या कार्यक्रमात हे अंतर बरेच कमी होते. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या या मुलाचे आईवडील अलीगढचे. मार्च २०१९ मध्ये भारतीय निवडणुकीवरचा भाग करताना सुरुवातीलाच त्यांनी भारतीय काका-मावश्यांना समोर बसवले, आणि ती मंडळी त्यांना या विषयात पडू नकोस असे बजावत होती. ते दृश्य पाहून मी हसलो आणि अस्वस्थही झालो, कारण ते काका मी होतो. भाची अमेरिकेतून काही लिहिते तेव्हा मीही तिला हेच सांगतो.

मार्च २०२०नंतर ऑलिव्हर यांचा कार्यक्रम काही काळ प्रेक्षकांविना, एका पांढऱ्या रिकाम्या पार्श्वभूमीपुढे होऊ लागला. इंदूरमध्ये तेव्हा करोनाने सुरुवातीलाच कहर केला होता. बाबा ऐंशी ओलांडलेले होते, आणि घराबाहेर पडायचे नाही म्हणून आम्ही दोघे दुपारी मिळून ते भाग पाहत असू. इंग्रजीचा वेग बाबांना झेपत नसे. मी दर दोन मिनिटांनी थांबवून मराठीत सांगत असे. सांगताना विनोद गळून पडे आणि माहिती तेवढी उरे, आणि गंमत म्हणजे बाबांना ती माहिती ऐकायला आवडे. प्रेक्षकांचा हशा नसल्यामुळे त्या दिवसांत वाक्यांचे खरे वजन कळत होते. कोणते वाक्य स्वतःच्या बळावर उभे आहे आणि कोणते हशाच्या टेकूवर, हे स्पष्ट दिसत होते. एकदा पडद्यावरच्या कुठल्याशा अधिकाऱ्याचे गोलगोल उत्तर मी भाषांतर करण्याआधीच बाबा हसले. "मला कळलं," ते म्हणाले, "हा आमच्या साहेबांसारखाच बोलतोय."

परदेशी कार्यक्रमाने दिलेले नाव आपल्या कामाला आले असे एक उदाहरण मात्र माझ्यासमोर आहे. जून २०१४ मध्ये ऑलिव्हर यांनी 'नेट न्यूट्रॅलिटी', म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना समान वागणूक देण्याचे तत्त्व, हा विषय घेतला. हा शब्दच इतका नीरस आहे की त्याआड कंपन्यांना हवे ते करता येते, तेव्हा त्याचे नाव बदलून 'केबल कंपन्यांची लबाडी रोखणे' अशा अर्थाचे काही ठेवावे, असे त्यांनी सुचवले. त्यांचा शब्द याहून बराच सडेतोड होता. प्रेक्षकांना त्यांनी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या संकेतस्थळावर मते नोंदवायला सांगितले, आणि ते संकेतस्थळ त्या ओघाने अडखळले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये भारतात 'एआयबी' या विनोदकारांच्या गटाने त्याच प्रेरणेने एक चित्रफीत केली. ट्राय या आपल्या नियामक संस्थेकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. या निर्णयामागे कार्यकर्ते होते, वकील होते, अभियंते होते. परंतु सामान्य माणसाला त्या तीन-चार दिवसांत हा विषय कळला तो विनोदकारांमुळे, आणि तेही त्यांनी तो आपल्या मोबाइलच्या पॅकच्या, म्हणजे इथल्या रोजच्या व्यवहाराच्या भाषेत सांगितला म्हणून. त्या दिवसांत माझ्या वर्गातल्या मुलांनी मला तो विषय समजावून सांगितला होता.

नाव देणाऱ्याला किंमत मोजावी लागते, आणि ती सगळीकडे मोजावी लागली आहे. बीबीसीने १९६२ साली सुरू केलेला 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' हा राजकीय विनोदाचा कार्यक्रम १९६३च्या अखेरीस थांबवला, कारण १९६४ हे निवडणुकीचे वर्ष होते. रशियातील 'कुकली' हा बाहुल्यांचा कार्यक्रम १९९४ ते २००२ चालला. त्याची वाहिनी २००१ साली गॅझप्रॉम या सरकारी नियंत्रणाखालील गॅस कंपनीच्या ताब्यात गेली. इजिप्तमध्ये बासेम युसेफ या हृदयशल्यविशारदाने २०११च्या क्रांतीनंतर घरातून चित्रफिती करायला सुरुवात केली, अरब जगातला सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम उभा केला, आणि जून २०१४ मध्ये तो बंद करत असल्याचे सांगितले. 'पेट्रियट ॲक्ट'चा सौदी अरेबियावरील भाग त्या देशात काढून घेण्यात आला. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अहमदाबादला येण्याच्या सुमारास ऑलिव्हर यांनी भारताच्या पंतप्रधानांवर केलेला भाग भारतात तो कार्यक्रम दाखवणाऱ्या मंचावर आलाच नाही, यूट्यूबवर मात्र उपलब्ध राहिला. आणि ज्या अमेरिकेला आपण या बाबतीत निर्धास्त समजत होतो तिथेही सप्टेंबर २०२५ मध्ये जिमी किमेल यांचा कार्यक्रम काही दिवस थांबवला गेला.

हे सगळे दूरचे आहे असे म्हणून मला थांबता येत नाही, कारण १ जानेवारी २०२१ रोजी माझ्याच गावात एका कॅफेमध्ये मुनव्वर फारुकी या विनोदकाराचा कार्यक्रम थांबवून त्याला अटक झाली. धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार होती. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने जामीन नाकारला, ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला, आणि तोवर तो महिन्याहून अधिक काळ इथल्या तुरुंगात होता. त्या काळात मी रोज सकाळी पोहे-जिलबीच्या गाडीवर उभा राहून लोकांचे बोलणे ऐकत असे. काहींना तो विनोद असह्य वाटत होता, काहींना ती अटक असह्य वाटत होती, आणि बहुतेक जण विषय निघताच सेव-कांदा मागवून दुसरीकडे पाहत होते. मीही त्या बहुतेकांतच होतो, याचे मला दुःख आहे. हे तेच गाव आहे जिथे रंगपंचमीच्या आदल्या दिवसांत बजरबट्टू संमेलन भरते आणि नेतेमंडळी सोंगे घेऊन मिरवणुकीत फिरतात. शेजारच्या उज्जैनमध्ये १ एप्रिलला टेपा संमेलन होते आणि प्रतिष्ठितांची यथेच्छ थट्टा केली जाते. हसण्याची ही परंपरा आमच्याकडे जिवंत आहे. तिला वर्षातला एक दिवस नेमून दिलेला आहे आणि उरलेल्या दिवसांचे काय करायचे हे ठरलेले नाही.

मराठीविषयी मला अधिक आस्थेने बोलायचे आहे, कारण ती माझ्या घरातली भाषा आहे. मराठी वाहिन्यांवर विनोदाचे गुण कमी नाहीत. 'चला हवा येऊ द्या' किंवा 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' यांतले नट एका नजरेत पात्र उभे करतात, आणि रविवारी आमच्या लोकमान्य नगरातल्या घरांतून एकाच वेळी त्यांचा हशा ऐकू येतो. पण तो हशा सासू-सून, शेजारी, प्रेमी युगुल, चित्रपटांचे विडंबन यांभोवती फिरतो. त्या आठवड्यात राज्यात काय झाले, कोणत्या धरणाचे पाणी कोणाला मिळाले, कोणत्या परीक्षेचा पेपर फुटला, हे त्यात क्वचितच येते. हे मराठी स्वभावात नाही असे म्हणणे खरे ठरणार नाही. तमाशातली बतावणी आणि वगातला सोंगाड्या हे काम पिढ्यान् पिढ्या करत आले. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यात दादा कोंडके त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातल्या घडामोडींवर आयत्या वेळी कोट्या करत, आणि प्रेक्षक त्यासाठी पुन्हा पुन्हा येत. ऑगस्ट २०२२ मध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर आमदारांनी दिलेली 'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा आठवडाभरात खेड्यापाड्यांतल्या बैलांच्या पाठीवर रंगवली गेली. ती बातमी वाचून मला वाटले होते की नाव ठेवण्याची शक्ती या भाषेत अजून शाबूत आहे. फक्त ती एका पक्षाच्या हाती गेली की तिचा उपयोग दुसऱ्या पक्षापुरता उरतो. सबंध सभेला एकाच वेळी हसवून ओशाळवणारा सोंगाड्या त्या पायऱ्यांवर उभा नव्हता.

म्हणून मला असा एखादा मराठी कार्यक्रम हवा आहे जो आठवड्यातून एकदा, एक विषय घेऊन, कागदपत्रे वाचून, प्रत्येक आकडा तपासून आम्हाला हसवेल. त्यात मुंबई-पुण्याबरोबर कधी इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे यांचेही नाव यावे, कारण मराठी तिथेही नांदते. युक्रेनमधील युद्धाने खताच्या किमती कशा वाढल्या, अमेरिकेतील आयातशुल्काने इथल्या कोणत्या कारखान्याची पाळी कमी झाली, हे आम्हाला आमच्या भाषेत कळावे आणि त्यातल्या लबाडीला आमच्या भाषेत नाव मिळावे. यासाठी लागणारे लेखक आहेत, नट आहेत, पत्रकार आहेत. त्यांच्या पाठीशी उभा राहणारा मालक आणि त्यांच्या अटकेच्या दिवशी दुसरीकडे न पाहणारा प्रेक्षक लागेल, आणि त्यातला दुसरा मी असायला हवा.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी मला त्यांच्या जुन्या कार्यालयात तीन-चार वेळा जावे लागले. इमारत तीच आहे; टेबलांवर संगणक आले आहेत आणि गठ्ठे तरीही आहेत. मी ज्याच्यासमोर बसलो होतो तो लिपिक पंचविशीचा असावा. आईचा अर्ज तो नीट वाचत होता. मध्येच मागच्या टेबलावरून एक मुलगी देयकांची फाइल घेऊन आली, त्याने दोन पाने उलटली आणि एक कागद काढून तिच्या हातात देत सहजपणे म्हणाला, "ये भट्टी वाला है, अलग रखना।"

मी त्याला विचारले, भट्टी म्हणजे काय?

तो जरा गोंधळला. मग हसून म्हणाला, "पता नहीं सर, यहाँ सब यही बोलते हैं।" आणि आईच्या अर्जावर कुठे सही राहिली आहे ते त्याने पेन्सिलीने दाखवले.